चांदवाल्याच्या गुडघ्यामागची रेघ

२०२३ साल. मी एकाहत्तर वर्षांचा. शाळा चौथीपर्यंत, तीही अर्धी. पण प्लास्टिकचा तुकडा फरशीवर टाकला की नुसत्या आवाजावरून त्याची जात सांगतो. कडक माल टणकन वाजतो, नरम थपकन पडतो. हे कोणत्या कॉलेजात शिकवतात ते मला दाखवा.

माझ्या घरी एक लोखंडी कपाट आहे. त्यात कपडे नाहीत, भांडी नाहीत. चंद्रावर चालणारी माणसं आहेत, रॉकेटं आहेत, उडत्या तबकड्या आहेत. सगळी प्लास्टिकची, चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची. नागपूरच्या इतवारीतले कबाडीवाले पोत्यात असं काही निघालं की माझ्यासाठी बाजूला ठेवतात. एकदा एकांकडे महालक्ष्म्यांच्या जेवणाला गेलो. आराशीत लाकडी बैल, मातीचा वाणी, आणि त्यांच्या मधोमध हिरवा चांदवाला, हातात झेंडा धरून उभा. माझं पुरणात लक्ष लागेना. हात धुतले आणि घरच्या बाईंकडे तो मागितला. दिला त्यांनी, हसत दिला. रस्त्यात बायको म्हणाली, "लोकं प्रसाद मागतात, तुमी देवीपुढचं खेळणं मागता. पुढच्या साली मी एकटीच येतो जेवाले."

चंद्रावरच्या माणसाला चांदवाला हे नाव आमचं. आमचं म्हणजे इतवारीतल्या एका लहानशा कारखान्यातलं. सत्तावीस वर्षांचा होतो तेव्हा मी तिथं हाताच्या मशीनवर होतो. वरून प्लास्टिकचा दाणा टाकायचा, तो वितळला की दांडा खाली ओढायचा, माल साच्यात उतरायचा. साचा उघडून चांदवाला काढून घ्यायचा. एका मशीनवर दोघं. एक दांडा ओढणारा, दुसरा माल काढणारा, आणि दर सोमवारी पाळी बदलायची. माझा जोडीदार माझ्याच वयाचा, हाताचा फार साफ. डबे आम्ही एकमेकांचे खायचो.

माल अडकला तर पितळेच्या सळईनंच सोडवायचा, हा तिथला कायदा. पितळ नरम. लोखंड लागलं तर साच्याला ओरखडा पडतो, आणि मग निघणाऱ्या प्रत्येक मालावर रेघ उठते.

एका सोमवारी ती रेघ उठली. डाव्या गुडघ्याच्या मागं, केसाएवढी. पाळी नुकतीच बदललेली, माल काढायला जोडीदार बसला होता. शेटनं त्याच्या पुढ्यातला चांदवाला उचलून उजेडात धरला आणि विचारलं, हे कोणाचं काम? जोडीदारानं आपल्या लहान पोरीची शपथ घेतली. मी दांड्याकडे पाहत होतो. शेटनं त्याला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगितलं. साचा खराब करणारा, हा शिक्का एकदा बसला की इतवारीत दुसरा कोणी मशीनला हात लावू देत नाही. तो बायकोपोरीला घेऊन मौद्याला सासरवाडीकडे निघून गेला. घरी मी बायकोला सांगितलं, त्याच्या हातून साच्याला रेघ पडली, साचा गेला. तिनं हळहळ केली, चार दिवस.

नंतर दोन लग्नांत तो दिसला. दोन्ही वेळा मी पंगतीत लांब जाऊन बसलो.

माझ्या कपाटात रेघ नसलेले चांदवाले पुढच्या रांगेत आहेत, रेघवाले मागच्या. कोणी विचारलं तर मी सांगायचो, आधीचा माल आणि नंतरचा माल.

तर २०२३ मध्ये बायकोची खालची दाढ काढायची होती. रामदासपेठेत एक दाताचे डॉक्टर आहेत, पन्नाशीचे, बोलायला गोड. त्यांच्या बाहेरच्या खोलीत काचेचं कपाट, आणि कपाटात काय, तर माझ्याच जातीची खेळणी! डॉक्टरांनी बायकोला सुई दिली, तोंड बधिर व्हायला वेळ होता म्हणून तिला माझ्याजवळ आणून बसवलं आणि स्वतःही बाहेर आले. मी कपाटापाशीच उभा होतो. एका हिरव्या चांदवाल्यासमोर कागदाची चिठ्ठी, तीवर लिहिलेलं, परदेशी बनावट.

मी म्हणालो, "हा इथला आहे. इतवारीतला. माझ्या हातचा."

डॉक्टर हसले. वाईट नाही हसले, पण हसले. "काका, तेव्हा असं काम नागपुरात कुठं होत होतं? हा समुद्रापलीकडून आलेला आहे. मी पुस्तकात पाहिलंय."

पुस्तकात! माझ्या अंगाची लाही झाली.

"कपाट उघडू नका," मी म्हणालो. "मी इथूनच सांगतो. त्याच्या डाव्या गुडघ्याच्या मागं एक उभी रेघ आहे. डोळ्याला दिसणार नाही, नखाला लागेल. आता उघडा."

डॉक्टरांनी उघडलं. नख फिरवलं. पुन्हा फिरवलं. "अहो, आहे की! पण तुम्हाला कसं ठाऊक?"

"कसं म्हणजे? माझ्याच लोखंडी पेचकसाची आहे ती."

बोलून गेलो. छाती फुगवून बोलून गेलो. डॉक्टरांनी ती चिठ्ठी फाडली, नवा कागद घेतला, माझं पूर्ण नाव विचारून लिहायला लागले. मी मागं वळलो. बायको गालावर हात धरून माझ्याकडे पाहत होती. चव्वेचाळीस वर्षांत ही बाई एवढा वेळ गप्प बसलेली मी पाहिली नव्हती, आणि त्या दिवशी तिला बोलताच येत नव्हतं. दाढ काढून झाली. ऑटोत तिच्या तोंडात कापसाचा बोळा. घरी आलो, तरी बोळा. मी भात मऊ शिजवला, तिनं ताटली बाजूला सारली.

दिवेलागणीला तिनं बोळा काढला, चूळ भरली.

"अजी," ती म्हणाली, "ती रेघ तुमच्या पेचकसाची, तं मंग त्याले काहून काढलं?"

मी म्हणालो, "दाढ दुखून राहिली तुही. बोलू नको."

"दाढ गेली माही. सांगा."

सांगितलं. शनिवारची दुपार होती, तो डबा खायला गेला होता, माल काढायला मी होतोच, दांडाही मीच ओढत होतो. एक चांदवाला अडकला, सळई दिसली नाही, पेचकस दिसला. सोमवारी पाळी बदलली. बस, एवढंच. ती रागावेल असं मला वाटलं. ती म्हणाली, "मी त्याच्या बायकोले म्हतलं होतं जी, तुह्या नवऱ्यानं जरा जपून काम कराले पाहिजे होतं. निरोप द्याले गेली होती तवा म्हतलं." आणि पलीकडे तोंड करून झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागच्या रांगेतला एक चांदवाला रुमालात गुंडाळला आणि मौद्याची पहिली बस धरली. त्यानं तिथं सायकलचं दुकान टाकलंय एवढं लग्नात कानावर आलं होतं, ते विचारत गेलो. तो घमेल्यात ट्यूब बुडवून पंक्चर शोधत होता.

"काय गा," मान वर करून म्हणाला, "वाट चुकला का?"

"नाही. तुह्याकडेच आलो." मी रुमाल सोडून चांदवाला त्याच्या ओल्या हातात ठेवला. त्याचा अंगठा न बघताच गुडघ्याच्या मागं गेला. मी म्हणालो, "हे माहं काम आहे. तू जेवाले गेला होता. म्या पेचकस घातला."

ट्यूबमधून बुडबुडे येत होते तिथं त्यानं दुसऱ्या हाताचं बोट दाबलं आणि म्हणाला, "मलेबी वाटे का माह्याच हातून झालं असन. शपथ तं घेतली पोरीची. मंग इथं आल्यावर पोरीले ताप आला. बायको म्हणे, खोटी शपथ घेतली तुमी. पोरगी उठली, पण बायकोच्या मनातून काही गेलं नाही." तो उठला. पाठ वाकलेली, गुडघे धरूनच उठला. "थांब. तिले बोलावतो. तिच्यासमोर बोल."

त्यानं आत हाक मारली, "अवं, बाहेर ये वं जरा." ती पिठाचे हात घेऊन आली, मला ओळखलं, पदर सावरला. त्यानं माझ्याकडे स्टूल सरकवलं. मी बसलो नाही. शनिवारच्या दुपारपासून सगळं पुन्हा सांगितलं, तिच्याकडे पाहून.