जीन विकली त्या दिवशीचं जेवण

देवास गावात तेव्हा दोन राजे होते. आमची कापसाची जीन, म्हणजे सरकी काढायचा कारखाना, रस्त्याच्या अलीकडे, थोरल्या पातीच्या राज्यात, आणि तिचं गोदाम पलीकडे, धाकट्या पातीत. सोनकच्छच्या शेठजींनी आमचा कारखाना आपल्या कंपनीत सामील करून घ्यायचं ठरवलं, तेव्हा खरेदीखत दोन्ही दरबारांत पक्कं व्हायला हवं होतं. त्यांनी धारहून वकील आणला. माझ्या सासऱ्यांनी दोघांना जेवायला बोलावलं. पुरणपोळी पोटात गेली की माणूस फार चौकशा करत नाही, असा मामंजींचा अनुभव.

हा वकील जेवता जेवताच चौकशा करत होता. कारखान्यावर कर्ज आहे? कुणाशी तंटा? आणि मग, "घरात कुणी विधवा? तिच्या अन्नवस्त्राचा बोजा मिळकतीवर असतो. माहीत असून विकत घेतलं तर तो शेठजींच्या गळ्यात पडेल."

"भिया, पीछे कोई निकला तो सौदा नहीं," शेठजी म्हणाले.

मी तूप वाढत होते. काकू, म्हणजे मामंजींच्या धाकट्या भावाची बायको, आत चुलीपुढे होत्या. जीन दोघा भावांनी मिळून उभी केलेली. काका गेल्यावर काकूंना आधार काय तो तिचाच.

"कुणी नाही," मामंजी म्हणाले.

वकिलानं स्वयंपाकघराकडे पाहिलं. "आणि त्या?"

"स्वयंपाकीण."

आमच्यात पगारी स्वयंपाकीणही बहुधा विधवाच, त्यामुळं ती आणि घरची विधवा सारख्याच दिसतात. तांबडं लुगडं, बोडकं डोकं. परक्यानं ओळखावं कसं? माझे कान तापले. ज्या घरची सून म्हणून मी गावभर मिरवत होते, त्या घराची मला लाज वाटली.

वकील काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्यानं सरळ आतच विचारलं, "बाई, आपण या घरच्या का?"

मामंजींची मान पानावरून वर होईना. आत तव्यावरची पोळी करपल्याचा वास आला.

"नाही," काकू म्हणाल्या. "मी कामाला आहे."

त्यांनी दिराची अब्रू राखली. वकिलानं समाधानानं आणखी एक पोळी मागून घेतली, आणि संध्याकाळपर्यंत सह्या करायचं ठरलं.

पाहुणे गेले. मामंजी आडवे झाले. मी नेहमीप्रमाणे आम्हा दोघींची पानं शेजारी शेजारी मांडली. काकू दारातच उभ्या राहिल्या. टोमणा मारला असता तर मला सोसला असता, पण त्या खरंच विचारत होत्या.

"सूनबाई, आता माझं पान कुठं मांडायचं?"