एक मूठ परत

मुठीवाली मावशी तांदूळ दोनदा मोजायची. एकदा पातेल्यात घालताना आणि एकदा पातेल्यातून काढताना. दोन माणसांचे तांदूळ मापाने घालायची, मग उजवा हात आत घालून एक मूठ परत उचलायची आणि चुलीमागच्या मडक्यात टाकायची. मी एकदा तिला विचारलं, "मावशी, आधीच एक मूठ कमी घेतली तर काय बिघडते?"

"कमी घेतलं तं कमी खाल्लं होते, पोरी," ती म्हणाली. "परत काढलं तं वाचवलं होते."

गोंदियात राइस मिलच्या मागे, रेल्वे लाइनच्या अलीकडे आमची वस्ती. तिचं घर आमच्या घरापासून तिसरं. एक खोली, पुढे पडवी. ती मिलच्या गोदामात झाडझूड करायची. नवरा त्याच मिलमध्ये हमाल होता. पोत्यांच्या थप्पीवरून पडला, कंबर मोडली, नागपूरच्या दवाखान्यात तीन महिने राहिला आणि तिथूनच गेला. मागे राहिली मावशी, तिची मुलगी सुनीता आणि गटाचं कर्ज.

हे गटाचं कर्ज ज्यांनी घेतलंय त्यांना सांगायला नको. पाच बायका एकमेकींच्या जामीन राहतात आणि दर मंगळवारी सभामंडपात किस्त भरतात. एकीने आणली नाही तर बाकीच्या चौघींना भरावी लागते, नाहीतर कोणालाच उठता येत नाही. दवाखान्यासाठी कर्ज मिळत नसे, म्हणून कागदावर मावशीचं कर्ज शिलाई मशीनसाठी होतं. त्या मशीनची ती मोठी गंमत करायची. फाटलेलं लुगडं बारदान्याच्या सुतळीतून सोडवलेल्या दोऱ्याने शिवत बसलेली असली की म्हणायची, "आज मशीन बिगडली हाय माही. हातानंच शिवतो."

मंगळवारी ती सगळ्यांत आधी येऊन बसे. किस्त पदराच्या गाठीत बांधलेली. तिच्या दोनच अटी होत्या. माझ्यामुळे चौघींतल्या एकीलाही गाठ सोडावी लागू नये, आणि किस्तीचं कार्ड सुनीताच्या हातात कधी जाऊ नये. "बापाच्या दवाईचा पैसा मी घेतला, मीच देईन. पोरीनं त्या कार्डाले बोट लावाचं नाई." सुनीताला नर्सिंगला जायचं होतं. एक कर्ज फिटल्याशिवाय तिच्या फीचा विचारही करायचा नाही, असं मावशीने ठरवलं होतं.

दोन वर्षं ते घर कशावर चाललं ते मी पाहिलेलं आहे. मिलमधली कणी, भुशाची शेगडी, सकाळी पेज. चहाची पत्ती उन्हात वाळवून दुसऱ्यांदा उकळायची. मिलपर्यंत जाताना चपला हातात आणि दारात पोचल्यावर पायात. लसूण तर तिने घरात आणणंच बंद केलं होतं. आमच्याकडे आई फोडणी द्यायला लागली की मावशी पडवीतून ओरडायची, "काऊन व बाई, लसून टाकून राहिली? गरिबाच्या नाकाचा तं विचार कर." आई दोन पाकळ्या देऊ करायची. ती घेत नसे. "आज दोन घेतल्या तं उद्या जीभ चार मागते. शेवटची किस्त झाली ना, त्या दिवशी लसनाची फोडनी टाकतो. साऱ्या वस्तीले वास येईन असी."

आमचं घर पत्रकांचं. बाबा मिल कामगारांच्या संघटनेचं काम करायचे आणि मी अक्षरओळख पत्रकांवर केली. कॉलेजात गेल्यावर बाबांची पत्रकं मीच लिहू लागले. माझ्या वाक्यांत तेव्हा दर दोन ओळींनंतर कोणीतरी पेटून उठायचं. मावशीला वाचता येत नव्हतं, पण पत्रक निघालं की ती पहिली हजर.

"दोन्हीकून छापलं का एकाच बाजूनं?"

"एकाच बाजूनं, मावशी."

"मंग दे वीसेक. पोरीले गनितं कराले होते."

सुनीता बारावीची गणितं आणि रसायनशास्त्र आमच्या क्रांतीच्या पाठीवर शिकली. मला तेव्हा थोडा राग यायचा. आता वाटतं, त्या कागदांचा तेवढाच खरा उपयोग झाला.

एकदा मात्र मावशीने पत्रक वाचून दाखव म्हटलं. मिलच्या गोदामात तांदळाला कीड लागू नये म्हणून थप्पीवर ताडपत्री झाकून औषधाच्या गोळ्या ठेवतात. त्या हवेत विषारी धूर सोडतात, दिसत नाही असा. एक हमाल मुदतीआधी आत गेला आणि चक्कर येऊन पडला. थोडक्यात वाचला. बाबांनी मला पत्रक लिहायला बसवलं. मी नेहमीसारखी मालकाच्या नफेखोरीपासून सुरुवात केली. बाबा म्हणाले, "ते खाली घे. आधी कामाचं लिही. गोदामात लसणासारखा वास आला तर आत जाऊ नका, हे लिही." मी लिहिलं, पण मधे कुठेतरी. सातवी की आठवी ओळ असेल.

मावशीने ते सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दवाई जबर हाय पर. वर्षभर दाना किडत नाई. मी झाडतो ना, मले माहीत हाय."

"मावशी, माणूस मेला असता."

"ते गोदामाचं हाय व. हजार पोत्याचं."

मी तिथे थांबायला हवं होतं. बोलायला हवं होतं. पण मला आणखी चार घरी पत्रकं वाटायची होती.

पहिलं वर्षभर मडक्यातले तांदूळ महिन्याच्या शेवटी विकले जायचे आणि किस्तीत जायचे. पुढे सुनीता संध्याकाळी लहान मुलांच्या शिकवण्या घेऊ लागली तेव्हा मावशीने ते विकणं थांबवलं. मडकं भरलं की ती ते पडवीतल्या पत्र्याच्या पिपात ओतायची. हे तांदूळ शेवटच्या मंगळवारचे. त्या दिवशी गटातल्या चौघींना आणि आमच्या घराला जेवायला बोलवायचं, मोठ्या गंजात भात टाकायचा आणि एकही मूठ परत काढायची नाही. हे सांगताना ती उजवी मूठ मिटून पाठीमागे लपवायची आणि हसायची.

ती वाळत चालली होती. बांगड्या कोपराशी जायच्या. ती मूठ कोणाच्या वाट्यातली होती हे सुनीताला कळायला वर्ष लागलं, कारण मावशी नेहमी "तू जेव, मी मिलमधी खाल्लं" म्हणायची. ज्या दिवशी कळलं त्या दिवशी सुनीताने ताट सरकवून दिलं. मावशी शांतपणे म्हणाली, "तू नाई खाल्लं तं तेबी पिपात टाकतो." सुनीताने रडत रडत भात संपवला. आणखी एक गोष्ट मला आईने दाखवली. मावशीची मूठच लहान झाली होती. हात इतका सुकला होता की मुठीत पूर्वीइतके दाणे मावत नव्हते. मावशीच्याही ते लक्षात आलं असावं, कारण शेवटच्या सहा महिन्यांत ती कधीकधी दोनदा हात घालायची.

श्रावण लागला तेव्हा दोन किस्ती राहिल्या होत्या आणि पिपात कीड पडली होती. मी गेले तर मावशी पडवीत सुपात तांदूळ घेऊन बसली होती. काळे टोके सुपाच्या कडेने पळत होते आणि ती एकेक बोटाने चिरडत होती. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. नवरा गेला तेव्हाही नाही.

"दोन वर्सं मी नाई खाल्लं," ती म्हणाली, "अना हे खाऊन राहिले."

"ऊन दाखव, मावशी."

"ऊन कुठं हाय?"

खरंच नव्हतं. आठ दिवस झड लागली होती.

त्यानंतरच्या सोमवारी सुनीता मामाकडे नागऱ्याला गेली. श्रावणातला सोमवार, देवळात दर्शन आणि मुक्काम. मावशी मिलमधून आली तेव्हा पाऊस जोरात होता. आईने खिडकीतून पाहिलं, ती पीप पडवीतून ओढत खोलीत नेत होती. मग तिने दार लावून घेतलं. पाण्याचा सपका आत येऊ नये म्हणून खिडकीत बारदाना कोंबलेला दिसत होता.

दिवेलागणीला मी पत्रकांचा गठ्ठा घेऊन तिच्या दारावरून गेले.

मंगळवारी सभामंडपात चौघीजणी जमल्या आणि मावशी नव्हती. असं कधीच झालं नव्हतं. गटातली दुर्गाकाकू उठून तिच्या घरी गेली, दार वाजवलं, मग आईला हाक मारली. बाबांनी दार तोडलं आणि सगळ्यांना मागे ढकललं. मावशी चटईवर कुशीवर पडलेली होती. दाराकडे तोंड, उजवा हात पुढे. पीप झाकलेलं, वरून कपड्याने गच्च बांधलेलं. पदराच्या गाठीत किस्त होती, पूर्ण.

मिलमध्ये गोळ्या ठेवणारा माणूस संध्याकाळी बाबांकडे येऊन रडला. "मैंने बोला था, मावशी, बाहर रखना, घर के अंदर नहीं. बोली, बाहर रखा तो चोर ले जाएगा, साल भर का चावल है." दोन गोळ्या त्याने फुकट दिल्या होत्या. फुकट मिळालेली ती दोन वर्षांतली एकमेव वस्तू.

दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या, कर्जाला कंटाळून महिलेने विष घेतलं म्हणून. तिसऱ्या दिवशी संघटनेचे जिल्ह्याचे एक भाऊ आमच्याकडे आले. पत्रक हवं होतं. मथळा त्यांनी आणलाच होता, "गटकर्जाचा बळी". ते म्हणाले, "तूच लिही. तुझ्या लेखणीत आग आहे."

मी लिहायला बसले. खोटं का सांगू, अर्धं पान झरझर लिहिलं गेलं. ती व्याजाने पिचली, ती हरली, तिने विषाचा प्याला जवळ केला. वाक्यं आपोआप येत होती आणि सगळी चांगली होती. सुनीता माझ्या पाठीमागे उभी राहून वाचत होती हे मला कळलं नाही.

"माही आई हरली नाई," ती म्हणाली. "एक बी किस्त चुकली नाई तिची. तिनं जीव नाई देल्ला, तिनं तांदूळ वाचवला."

भाऊ समजावत होते. "अगं बेटा, शेवटी कर्जानंच मारलं ना?"

"मारलं तं तसं लिवा. कसं मारलं ते लिवा. एकेक मूठ."

मी ते अर्धं पान फाडलं. भाऊंनी डोळे वटारले. मी दुसरं पत्रक लिहिलं. त्यात एकही विशेषण नव्हतं. गोदामातलं औषध घरात आणू नका. डब्यात, पिपात, कोठीत ठेवू नका. फुकट दिलं तरी घेऊ नका. लसणासारखा वास आला तर आधी बाहेर पडा. मिलमध्ये गोळ्या कुलपात ठेवा आणि हिशेब द्या, ही मागणी. आणि खाली, ज्या कर्जापायी एक बाई दोन वर्षं रोज एक मूठ कमी जेवली त्याचं व्याज किती होतं, एवढंच. भाऊंनी ते छापलं नाही. बाबांनी आणि मी उधारीवर छापलं. वस्तीतल्या बायकांनी ते तांदळाच्या डब्यांच्या झाकणांवर चिकटवलं. माझं एवढं एकच पत्रक आहे ज्याच्या मागे कोणी गणितं केली नाहीत.

ते पीप बाबांनी लाइनपलीकडे नेऊन खड्ड्यात पुरलं. किती होते तांदूळ, कोणी मोजले नाहीत. शेवटची किस्त चौघींनी मिळून भरली. दुर्गाकाकूने कार्ड सुनीताला दिलं नाही, चुलीत घातलं.

सुनीता आता दरेकशाकडच्या एका आरोग्य केंद्रात नर्स आहे. गोंदियाला आली की माझ्याकडे उतरते. भात मी टाकते. तांदूळ धुताना माझा हात पातेल्यात जरा रेंगाळतो, तेव्हा ती माझ्या मुठीकडे बघत राहते, ती उघडेपर्यंत. तिच्या देखत मी लसणाची फोडणी देत नाही. तिला वाटतं ते तिच्यासाठी आहे.

मागे ते पत्रक आम्ही पुन्हा छापायला काढलं. सुनीताने पान हातात घेऊन विचारलं, "लसनाच्या वासाची ओळ सगळ्यात वर काऊन घेतली, ताई? एवढी मोठी?"

मी म्हटलं, महत्त्वाची आहे म्हणून.

त्या सोमवारी मावशीच्या दारावरून जाताना मला लसणाचा वास आला होता. दाराच्या फटीतून, पावसातही. ओळ माझीच होती, माझ्या हातची. आणि मला वाटलं, मावशीने आठवडाभर आधीच फोडणी टाकली. मला इतकं बरं वाटलं की मी दार वाजवलं नाही. जेवू दे बिचारीला, म्हटलं, पोटभर.

हे सुनीताला मी अजून सांगितलेलं नाही.