तीस संगणकांचे सुभेदार

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मिळून ‘झालं’ या शब्दावर ज्याचा काडीइतकाही विश्वास नाही असा एकच माणूस मी पाहिला, आणि तो नेमका आमच्या कॉलेजातल्या संगणकांच्या खोलीवर नेमलेला होता. त्यांना सगळे सुभेदार म्हणत. फौजेत बावीस वर्षं त्यांनी बिनतारी संदेश पाठवले आणि घेतले. पलीकडच्या माणसाने संदेश जसाच्या तसा परत म्हणून दाखवल्याशिवाय तो पोचला असं मानायचं नाही, हा तिथला नियम. माणसं नोकरीतून निवृत्त होतात, नियमातून होत नाहीत. सुभेदार कराडला आले आणि तो नियम त्यांनी सबंध गावाला लावला. कॅन्टीनवाल्याला दोन चहा सांगितले की ते तिथून हलत नसत. “काय सांगितलं?” “दोन चा.” “किती?” “दोन, सुभेदार, दोन!” मग ते समाधानाने बाकावर बसत. एस.टी.त कंडक्टरने घंटी मारली की ड्रायव्हरला ती ऐकू गेली का, हे पाहायला ते स्वतः पुढे जात. “आवं, गाडी हालली की! आनि कसं सांगू?” असं एका ड्रायव्हरने त्यांना चालत्या गाडीत विचारल्याचं मी ऐकलेलं आहे. मी त्या कॉलेजचा ग्रंथपाल. पुस्तक परत करायला आले की मी ते कपाटात ठेवेपर्यंत सुभेदार समोर ताठ उभे. “जमा?” “जमा.” “नोंद?” “केली.” मग टाचा जुळवून निघून जात. ग्रंथपालाच्या आयुष्यात पुस्तक नेणारे पुष्कळ येतात, परत केल्यावर त्याचं काय झालं याची काळजी करणारा हा एकच. ते पुस्तकही बहुधा एकच असे, कुक्कुटपालनावरचं. कोंबड्या त्यांच्याकडे कधीच नव्हत्या. जे आपल्याकडे नाही त्याविषयी निवांत वाचता येतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

नव्वदचं दशक उतरणीला लागलं होतं. कॉलेजात एकदम तीस नवे संगणक आले आणि माझ्या ग्रंथालयाला लागून असलेल्या खोलीत मांडले गेले. नवा संगणक कोराच असतो. त्यावर विंडोज चढवायची म्हणजे एका माणसाने तासभर समोर बसायचं आणि संगणक विचारील त्या प्रश्नांची उत्तरं देत राहायचं. नाव काय, गाव काय, प्रिंटर कोणता, घड्याळ कुठल्या देशाचं. सुभेदारांनी पुस्तकं वाचून एक युक्ती शोधली. सगळी उत्तरं आधीच एका फायलीत लिहून ठेवायची, फ्लॉपी लावायची, आणि संगणकाने आपलं आपण वाचून घ्यायचं. पण त्यांचा खरा जीव होता त्या पुढच्या भागात. विंडोज चढून झाली की त्याच फ्लॉपीवरचा दुसरा कागद सुरू व्हायचा. त्यात अकरा कामं लिहिलेली. संगणकाने आपलं नाव लावून घ्यायचं, प्रिंटरशी ओळख करून घ्यायची, मराठी अक्षरं बसवायची, पत्त्यांचा खेळ असेल तर काढून टाकायचा, आणि अशीच पुढे. मी एकदा सहज म्हणालो, “सुभेदार, विंडोज चढली म्हणजे झालं की.” त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. “झालं? भरती झाली म्हंजी जवान झाला व्हय, सर? भरतीनंतर केस कापायचं, वर्दी द्यायची, नंबर द्यायचा, पलंग कुटला ते दावायचं. खरं काम तितनं सुरू हुतंय. भरती काय, कुनीबी हुतंय.”

नंबराऐवजी त्यांनी संगणकांना गावांची नावं दिली होती, आपल्या तुकडीतली माणसं जिथून जिथून आली त्या गावांची. रहिमतपूर होतं, कोरेगाव होतं, तासगाव होतं. तिसाव्याला त्यांनी आपल्या गावाचं नाव ठेवलं, कवठे महांकाळ. संगणकाच्या नावाला पंधरा अक्षरांहून जास्त जागा मिळत नाही. रोमन लिपीत, मधली जागा गाळून, कवठेमहांकाळ बरोबर पंधरा अक्षरांत बसतं. हे लक्षात आलं त्या दिवशी त्यांनी स्वतःहून सगळ्यांना चहा पाजला. “येक अक्षर कमी न्हाई, येक जादा न्हाई. ज्यानं ही मशीन काडली त्येनं आमचं गाव बगून काडली.” अकरावं काम मात्र त्यांचं नव्हतं. ते प्राचार्यांनी घालायला लावलं होतं. सगळं आटोपल्यावर प्रत्येक पडद्यावर प्राचार्यांचा फोटो यायचा.

आमचे प्राचार्य हे उद्घाटनासाठी जन्मलेले गृहस्थ होते. कॉलेजच्या बोअरिंगला पाणी लागलं तेव्हा त्या पाण्याचंही त्यांनी फीत कापून स्वागत केलं होतं. नव्या संगणक अभ्यासक्रमाला मान्यता द्यायची की नाही हे पाहायला समिती येणार असं कळलं, आणि त्यांनी बेत जाहीर केला. समितीने फीत कापायची, तीस संगणक एकाच वेळी चालू करायचे, आणि मग कुणीही हात न लावता ते सगळे आपोआप तयार होताना समितीने पाहायचं. बेत वाईट नव्हता. पण सुभेदारांची नेमणूक तात्पुरती होती, मार्चअखेरपर्यंत. सांगलीचा एक दुकानदार दर आठवड्याला टाय लावून येत असे आणि “सगळं आमच्यावर सोडा, सर” म्हणत असे. प्राचार्यांनी सुभेदारांना स्वच्छ सांगितलं, समितीसमोर हे जमलं तर ऑर्डर कायम, नाही जमलं तर एप्रिलपासून सांगलीची माणसं.

रंगीत तालमीला प्राचार्य स्वतः घड्याळ लावून एका संगणकासमोर बसले. शेजारचा म्हणून मीही होतो. विंडोज निमूट चढली. मग पडदा काळा झाला आणि त्यावर रोमन अक्षरांत मराठी ओळ उमटली, ‘नाव लावलं. हजर?’ आणि शेवटी एक लुकलुकणारी रेघ. पाच मिनिटं गेली. दहा गेली. रेघ लुकलुकत राहिली.

“हे अडकलंय,” प्राचार्य म्हणाले.

“अडकलं न्हाई, सर. थांबलंय.”

“फरक काय?”

“अडकल्यालं इचारत न्हाई. ह्येनं इचारलंय. तुमी जवाब दिला न्हाई.”

“जवाब? मी द्यायचा?”

“जो फुडं बसलाय त्येनं. कुटलीबी कळ दाबा. हुकूम दिला, काम झालं, पर जवाब घेतला न्हाई तर ते काम मोजायचं न्हाई.”

असं प्रत्येक कामानंतर होतं. अकरा कामं, तीस संगणक. मी मनात गुणाकार करत होतो तो प्राचार्यांनी मोठ्याने केला. “म्हणजे तीनशे तीस वेळा कळ दाबत तुम्ही खोलीभर फिरणार? याला आपोआप म्हणतात?”

“व्हय, पर लय बरं वाटतं, सर,” सुभेदार मनापासून म्हणाले. “येकेकाला भेटून हुतं.”

प्राचार्यांनी व्यासपीठावरचा आवाज लावला. समितीसमोर कळफलकाला कोणाचं बोट लागलं तर त्या बोटाच्या मालकाने एप्रिलपासून घरी बसावं, असं सांगून ते गेले. त्यांचं म्हणणं बरोबर होतं, हे कबूल करताना मला आजही त्रास होतो.

दुसऱ्या दिवशी सुभेदार ग्रंथालयात आले तेव्हा हातात कोंबड्यांचं पुस्तक नव्हतं. असे रिकाम्या हाताने मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. “पेन्शन हाय, सर. खायाचं काय अडत न्हाई,” ते म्हणाले. “पर तिसांना भरती करून, ट्रेनिंग अर्ध्यात टाकून जायाचं? आनि जवाब न घेता फुडं जायाचं म्हंजी डोळं झाकून गोळी मारायची. ते मला जमायचं न्हाई.” मला तंत्रातलं काही कळत नव्हतं, पण नोंदवहीतलं कळत होतं. मी विचारलं, “तुम्ही पुस्तक परत करता, मी नोंद केली म्हणतो, तुम्ही निघून जाता. माझ्यावर एवढा विश्वास कसा?”

“तुमी लिवता म्हनून.”

“मग त्यांनाही लिहू द्या. एक काम झालं की संगणकाने एका वहीत ओळ लिहावी. तुम्ही मागाहून वाचा. जवाब तोंडीच कशाला हवा?”

पलीकडे साखर कारखान्याचा भोंगा झाला, तो त्यांनी ऐकून संपवला. “लेखी,” ते म्हणाले. “व्हय. लेखी चालतंय. फौजेत लेखीच मोठं.” दारापर्यंत गेले आणि वळले. “काय सांगितलं तुमी?” मी पहिल्यापासून पुन्हा सांगितलं, तेव्हा गेले.

पुढचे आठ दिवस भिंतीपलीकडून कळफलकाचा आवाज येत होता. प्रत्येक कामानंतरचा प्रश्न त्यांनी काढून टाकला आणि जागोजागी संगणकाला लिहायला लावलं. त्या फायलीचं नाव हजेरी. शिवाय चालू होताना संगणकाने आधी हजेरी वाचायची, जे लिहिलेलं असेल ते पुन्हा करायचं नाही, आणि तिथून पुढे निघायचं. घरीही लेखीचं वेड पोचलं असावं, कारण बाजारात भेटलेल्या त्यांच्या पत्नी मला म्हणाल्या, “तुमीच सांगितलं न्हवं ह्यास्नी? काल आमटीत मीठ टाकलं का म्हनून इचारलं. म्या म्हटलं, टाकलंय, आता लिवून देऊ का?”

समिती आली. तिघे होते, पण बोलणारे एकच, चष्मा कपाळावर ठेवून दिसेल त्याकडे वाकून बघणारे एक वृद्ध प्राध्यापक. नारळ फुटला, फीत कापली, तीस फ्लॉप्या लागल्या, तीस बटणं दाबली गेली, आणि प्राचार्य स्वागतपर बोलायला उभे राहिले. ते पाऊण तास बोलले. तेवढ्यात विंडोज चढून झाली. प्राचार्यांच्या भाषणाचा कुणाला उपयोग झाल्याचं मला ठाऊक असलेलं हे एकमेव उदाहरण. अकरा कामं सुरू झाली, पडद्यावर ओळी उमटू लागल्या, प्राध्यापक वाकून वाचू लागले, आणि वीज गेली.

पंखे थांबले. तीस पडदे काळे. वीज गेल्यावर उपयोगी पडावं असं एक यंत्र कॉलेजने घेतलं होतं, पण ते प्राचार्यांच्या केबिनमधल्या टेबललॅम्पला जोडलेलं होतं. सांगलीचा टायवाला मागच्या रांगेत बसला होता. तो न राहवून म्हणाला, “गेलं सगळं. आता परत पहिल्यापासून.” प्राध्यापकांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. “खरंच पहिल्यापासून?”

सुभेदार सावधानमध्ये उभे होते. “न्हाई, साहेब. जितं थांबलं, तितनं.”

“कशावरून?”

“लेखी हाय.”

वीस मिनिटांनी वीज आली. बटणं दाबलेलीच होती, त्यामुळे संगणक आपले आपण जागे झाले. एकेका पडद्यावर ओळ आली, ‘हजेरी वाचतो’. मग रहिमतपूरने सहाव्या कामापासून सुरुवात केली, तासगावने आठव्यापासून, कोरेगाव जरा मागे होतं ते चौथ्यापासून निघालं. कुणी कुणाची वाट पाहिली नाही, कुणी केलेलं पुन्हा केलं नाही. सुभेदारांचे ओठ हलत होते. ते प्रत्येकाची ओळ मनातल्या मनात परत म्हणत असावेत. मग प्राचार्यांचे फोटो यायला लागले. पाच, बारा, वीस, एकोणतीस. “इतके प्राचार्य एका खोलीत मी प्रथमच पाहतोय,” प्राध्यापक म्हणाले. “आणि एकही बोलत नाही.”

तिसावा संगणक मात्र काळाच होता. कोपऱ्यातला, कवठे महांकाळ. त्यावर एकच ओळ, ‘सगळं झालं. हजर?’ आणि लुकलुकणारी रेघ. प्राचार्यांचा चेहरा उतरला. मी सुभेदारांकडे पाहिलं नाही, पाहवलं नाही. तीनशे तीस प्रश्नांतला एक काढायचा राहिला होता, आणि राहायचा तर नेमका आपल्या गावच्यात राहिला होता. प्राध्यापक वाकले. “हे काय?”

सुभेदार एक पाऊल पुढे आले. “साहेब, तपासनी तुमची. शेवटचा जवाब तुमी द्यायचा.”

प्राध्यापकांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग लहान मुलासारखे खुशीत खुर्चीवर बसले आणि एका बोटाने कळ दाबली. “हजर,” ते मोठ्याने म्हणाले. तिसावे प्राचार्य प्रकट झाले. मान्यता मिळाली. सुभेदारांची ऑर्डर कायम झाली आणि टायवाला त्यानंतर दिसला नाही.

तो प्रश्न राहून गेला होता की ठेवला होता, हे मी त्यांना खोदून विचारलं. “आपल्या गावच्या पोराचं लेखी कशाला घ्यायाचं, सर?” ते म्हणाले. “तोंडीच बरं.” याहून जास्त त्यांनी कधी सांगितलं नाही.

वर्षभराने तो तिसावा संगणक ग्रंथालयाला मिळाला. सुभेदारांनीच आणून बसवला, प्राचार्यांचा फोटो काढून टाकला आणि जाण्याआधी काहीतरी खुडबुड केली. दुसऱ्या दिवशी सकाळी चालू केला तर पडद्यावर, ‘हजर?’ कळ दाबेपर्यंत पुढे जाईना. मी भिंतीपलीकडे जाऊन तक्रार केली. ते म्हणाले, “सकाळचं तुमी येकटंच असता. कुनीतरी इचाराय पायजे का न्हाई?” त्या दिवसापासून मी रोज सकाळी कुलूप काढायचो, खिडक्या उघडायचो आणि संगणकाला मी आल्याचं सांगायचो.

पुढे वय झालं म्हणून सुभेदार गावी गेले. पत्रं येतात. मजकूर कमी असतो आणि शेवटी ‘पोच द्यावी’ असतं. मी देतो. आता त्यांनी कोंबड्या पाळल्यात, त्यामुळे कोंबड्यांचं वाचणं बंद केलंय.

गेल्या महिन्यात त्यांच्या जागी आलेल्या मॅडमनी माझा संगणक साफ करून दिला. हुशार आहेत, कामाला चोख. “सर, सुरुवातीला एक निरर्थक ओळ राहिली होती कुणाची तरी, रोज अडायचं तुमचं. काढून टाकली,” त्या म्हणाल्या. मी आभार मानले. दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूप काढलं, खिडक्या उघडल्या, बटण दाबलं. संगणक काही न विचारता सरळ तयार होऊन बसला. रिकाम्या ग्रंथालयात मी तरीही एक कळ दाबली.