चार बोटं उघडी खिडकी

पांढरकवड्याला हायवेवर एक चार मजली दवाखाना आहे. पाटीवर नाव डॉक्टर नंदकिशोर यांचं, पण इमारत चालवायचा धावजी राठोड. टाकी भरणं, लाइट गेली की जनरेटर चालू करणं, उन्हाळ्यात कूलरच्या गवती ताट्या बदलणं, बावीस वर्षं सगळं त्याच्याच अंगावर. केळापूरकडच्या तांड्यातून रोज सायकलीनं यायचा, आणि मोटारीच्या नुसत्या आवाजावरून टाकी कुठवर भरली ते सांगायचा. चांगले शिकलेसवरलेले त्याच्यापुढं गप्प बसत.

यंदा फेब्रुवारीत डॉक्टरांनी कूलर काढून टाकले. वॉर्डावॉर्डांत डक्टमधून गार हवा आणली आणि जोडीला ऑटोमॅटिक सिस्टीम बसवली. भिंतींवर छोटे सेन्सर, तळमजल्यावर कॉम्प्युटर. टाकी आपली आपण भरते, दिवे आपले आपण विझतात, कुठं गरम झालं की स्क्रीनवर तो मजला लाल होतो. हे सगळं बसवायला पुण्याच्या कंपनीतून स्पृहा आली होती. मूळची यवतमाळची, पोरगी हुशार, धावजीला काका म्हणायची.

काका म्हणाली म्हणून नोकरीची धाकधूक थोडीच जाते? डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, सिस्टीम नीट चालली की या कामाला माणूस लागायचा नाही. बावन्नाव्या वर्षी कोण दारात उभं करणार! घरी बायकोला, मानीबाईला, त्यानं यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं. तिच्या जिवाला घोर नको म्हणे. स्वतःच्या जिवाचं काय, ते त्यालाच ठाऊक.

एप्रिल लागला, ऊन चव्वेचाळीसवर गेलं, आणि दुसरा मजला काही ऐकेना. सकाळी अकरा वाजले की लाल. मशीन पूर्ण जोर लावून धापा टाकायचं, तरी एकतीसच्या खाली आकडा येत नव्हता. स्पृहानं दोन सेन्सर बदलले, डक्ट उघडून पाहिले, कंपनीशी तासतास फोनवर भांडली. वॉर्डात जाऊन तपासायची ती संध्याकाळी, भेटायला येणाऱ्यांची गर्दी ओसरल्यावर; तेव्हा सगळं बेस असायचं. पेशंटचे नातेवाईक कावले. शेवटी डॉक्टर म्हणाले, शनिवारपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर हे लचांड काढा आणि कूलर परत लावा.

खोटं कशाला बोला, धावजीला आनंद झाला. माळ्यावरच्या ताट्या काढून त्यानं झटकूनही ठेवल्या.

शुक्रवारी दुपारी तो दुसऱ्या मजल्यावर गेला. तिथं त्याच्याच तांड्यातली रामीबाई होती, पोटाचं ऑपरेशन झालेलं. म्हातारी घामानं निथळत होती, टाक्यांवरची पट्टी ओली झाली होती. धावजी, मले या भट्टीत काहून टाकलं रे, एवढंच ती म्हणाली. तिला जरा वारा लागावा म्हणून तो पडद्यामागची खिडकी आणखी उघडायला गेला, आणि त्याचा हात तिथंच थांबला. डक्टमधली गार हवा त्याच्या बोटांना लागून सरळ बाहेर चालली होती.

आता आपल्या विदर्भात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, की कूलर लावला तर खिडकी थोडी उघडी पाहिजे, नाहीतर खोली दमट होते न् अंग चिकचिकतं. बावीस वर्षं धावजी रोज सकाळी वॉर्डातल्या खिडक्या चार बोटं उघडायचा आणि संध्याकाळी लावायचा. कूलर गेले, हात मात्र थांबले नाहीत. बाकीच्या मजल्यांना नव्या, न उघडणाऱ्या काचा बसल्या होत्या; जुन्या खिडक्या राहिल्या त्या फक्त दुसऱ्यावर.

तो जिन्यात येऊन बसला. फक्त उद्याचा दिवस तोंड मिटून बसायचं होतं. कोणाला कळलं नसतं, सिस्टीम गेली असती, तो राहिला असता. पण वर ती म्हातारी घामात पडली होती, आणि ती आपल्यामुळं, हे काही त्याच्या गळ्याखाली उतरेना. तो उठला, एकेक खिडकी घट्ट लावली आणि खाली जाऊन स्पृहाला सगळं सांगितलं. ती डोक्याला हात लावून बसली, मग हसायलाच लागली. तासाभरात आकडा पंचवीसवर आला.

डॉक्टर आले तेव्हा स्पृहा काही बोलायच्या आत धावजीच म्हणाला, "साहेब, खिडक्या मीच उघडत होतो."

डॉक्टरांनी स्क्रीनवरचा आकडा पाहिला. "हे बंद पडलं असतं तर तुही नोकरी राहिली असती. ठाऊक होतं न तुले?"

"होतं साहेब."

डॉक्टरांनी शाबासकी वगैरे दिली नाही, त्यांचा तो स्वभावच नव्हे. स्पृहाकडं वळून ते म्हणाले, "याले शिकवा. उद्यापासून हा इथं बसंल."

इंग्रजी येत नाही, हे धावजीनं चाचरत सांगितलं. स्पृहा म्हणाली, त्यात काय, सगळं मराठीत करून देते. पण मजल्यामजल्याला कुठं काय दडलंय, ते तुम्ही मला सांगायचं.

बाहेर व्हरांड्यात येऊन त्यानं मानीबाईला फोन लावला.

"नोकरी राह्यली," तो म्हणाला. डोळे भरून आले होते.

"गेली कवा होती?" मानीबाईनं विचारलं.