माझ्या आवाजातला सराव

कॉव्हेंट्रीत माझ्या शेजारच्या खोलीत राहणारी मुलगी कोलंबियाची, मातृभाषा स्पॅनिश. वृद्धांच्या केअर होममधल्या नोकरीसाठी तिचा इंटरव्ह्यू होता आणि ‘पिक इट अप’, ‘टर्न इट ऑफ’ तिच्या तोंडून सुटंसुटं यायचं. मी मोठ्या ऐटीत शिकवायला बसलो. तिन्ही शब्द एका दमात जोड, शेवटच्यावर जोर दे. तिनं माझा आवाज फोनमध्ये रेकॉर्ड करून घेतला.

इंटरव्ह्यूच्या सकाळी ती आमच्या सामाईक किचनमध्ये ते रेकॉर्डिंग लावून मागोमाग म्हणत होती. मी दाराशीच थबकलो. फोनमधला माणूस प्रत्येक शब्दावर सारखाच जोर देत होता, शाळेत पाढे म्हणावेत तसा. ऑफिसात माझं बोलून झालं की लोक ‘सॉरी?’ का म्हणतात, ते आत्ता कळलं. आणि तिनं ते हुबेहूब उचललं होतं.

“आता जमतंय ना?” तिनं कोट घालत विचारलं.

आता काय सांगणार होतो, कपाळ? तेवढ्यात खिडकीतून समोरच्या स्टॉपवर बस येताना दिसली; ती धावत गेली आणि माझं इंग्रजी घेऊन बसमध्ये चढली.