जवळचं केंद्र

आगाशीच्या बाजूला एका सरकारी आरोग्य केंद्रात मी समुपदेशक आहे. गुप्तरोगाच्या तपासणीला येणाऱ्या माणसांशी बोलणं, हे माझं काम. दिवसभर बोलून जीव असा विटतो की घरी कुणी चहाचं विचारलं तरी मी नुसती मान हलवते.

ती जूचंद्रहून यायची. सातवा महिना सरत आलेला, रक्तात सिफिलिस निघालेला. आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शनं घ्यायची. नाही घेतली तर आजार पोटातल्या बाळाला. पहिलं इंजेक्शन तिनं मुकाट्यानं घेतलं. नवऱ्यानं नायगावात खासगी डॉक्टरकडे घेतलं, असंही सांगितलं. रिक्षा, गाडी, मग आगाशीची बस, एवढी यातायात करून ती पोट सावरत येत होती. मला तिची दया आली. खरं सांगायचं तर थोडा रागही आला. घराजवळ केंद्र असताना ही धडपड कशाला?

"हितंच बरा हाय, ताई," ती म्हणाली.

मी ऐकलं नाही. वरून सारखं सांगणं असतं, सेवा रुग्णाच्या दारात न्या. पुढची दोन इंजेक्शनं जूचंद्रच्या केंद्रात घ्यायची, अशी चिठ्ठी मी लिहून दिली. तिनं ती घडी करून ब्लाउजमध्ये ठेवली आणि गेली. एका बाईची तरी सोय केली म्हणून मी स्वतःवर खूश होते.

मग शिबिरं, नोंदवह्या, अहवाल. महिनाभरानं आठवण झाली म्हणून तिकडे फोन लावला. नर्सबाईंना तिचं नाव सांगून विचारलं, इंजेक्शनं झाली का?

"आगो बाय, ही तं माझीच धाकली जाव!" पलीकडून हसणं ऐकू आलं. "कसला इंजेक्शन?"

गावात कोण कुणाची कोण लागते, हे मी विचारायलाच हवं होतं. इतकी वर्षं या भागात काढून एवढंही सुचलं नाही.

"रक्तवाढीचं," मी म्हणाले. "आमच्याकडेच आलंय. तिला इकडेच पाठवा."

"पाटवते ना."

दुसऱ्या दिवशी ती आली. चिठ्ठी जूचंद्रच्या वाटेवरच फाडून टाकली होती, म्हणाली. मग परत माझ्याकडे का नाही आलीस, मी विचारलं.

"तुमीच नको म्हनलात ना."

करायला गेले एक नि झालं भलतंच. इतका खंड पडल्यावर पहिल्यापासून तीन घ्यावी लागतात. मी तिला तसं सांगितलं. आधीचं वाया गेलं, आणि ते माझ्यामुळे, हेही सांगितलं. ती बोटांवर आठवडे मोजत बसली.

"तवर बालंतपन होईल."

"होईल कदाचित," मी म्हणाले. "मग बाळालाही जन्मल्याबरोबर इंजेक्शनं द्यावी लागतील."

तिनं पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं.

"त्याला तरी हितंच द्याल ना, ताई?"

मी हो म्हणाले. आमच्या केंद्रात बाळंतपणं होत नाहीत.