बधिर पाय आणि चिंतामणीच्या पायऱ्या

माझे पाय मेले ते मला कळलंच नाही. महाराष्ट्र होऊन दोनेक वर्षं झाली असतील. उन्हाळ्यात लेक यवतमाळहून भेटायला आली होती. मी ओसरीत पाय पसरून बसलो होतो, तेव्हा तिला माझ्या तळव्यात बाभळीचा काटा दिसला. काटा रुतून दोन-तीन दिवस तरी झाले असावेत, कारण भोवती पू धरला होता. तिनं सुईनं तो काढला आणि काढताना तिचेच डोळे भरून आले. मी मात्र समोरच्या निंबावरच्या कावळ्यांकडे बघत होतो. तीस वर्षं पटवारी म्हणून कळंब-घाटंजीकडची शेतं मी साखळी घेऊन पायी तुडवली. काळी माती कुठे संपली आणि मुरूम कुठे लागला, हे मला खाली न बघता समजायचं. त्या पायांना आता काटासुद्धा समजेना.

यवतमाळच्या डॉक्टरांनी काचेच्या नळीत लघवी उकळून पाहिली. निळं औषध विटेसारखं लाल झालं. मधुमेह बराच जुना आहे आणि त्यानं पायांच्या नसा बधिर केल्या आहेत, असं ते म्हणाले. गोड बंद करा, गोळ्या घ्या, रोज तळवे तपासा, चालणं सोडू नका आणि पडू तर मुळीच नका. मी मान हलवली. न पडता चालायचं कसं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पटवाऱ्यानं चालायचं कसं हे विचारावं, याची मला लाज वाटली.

पडायला मी लवकरच लागलो. आधी न्हाणीत. डोक्यावर पाणी घेतलं, डोळे मिटले आणि अंग आपलं आपण एका बाजूला गेलं. दुसऱ्यांदा देवघरात. बायको होती तोवर देव तिचे होते. ती गेल्यावर चार वर्षं मी त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. आता दुखण्यानं घाबरलो, तेव्हा आंघोळ करून देवापुढे उभा राहिलो, हात जोडले, डोळे मिटले आणि ताम्हनासकट खाली आलो. बाळकृष्ण एका कोपऱ्यात आणि मी दुसऱ्या. हसू यावं असाच प्रकार होता, पण मला हसू आलं नाही. मी बाजारात जाऊन धडधाकट परत येत होतो आणि देवापुढे उभा राहिलो की पडत होतो. एकदा नाही, श्रावणात तीन वेळा झालं. मी त्याचा एकच अर्थ लावला, की त्याला मी नको आहे. नोकरीच्या तीस वर्षांत मी देवळात गेलो तो देवस्थानची जमीन मोजायला. अशा माणसाची पूजा त्यानं का घ्यावी? मी देवघराचं दार ओढून घेतलं.

दसऱ्याला लेक आली तेव्हा माझ्या कपाळावर खोक होती. तिनं आरडाओरडा केला नाही. जेवणं झाल्यावर माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "बाबा, घराले कुलूप लावा अन् चाला माह्यासंगं. एखाद्या दिवशी इथं पडून राह्यले, त मले कोन सांगन?"

जावई देवमाणूस आहे, त्याचं काही नव्हतं. पण लेकीच्या घरी जाऊन राहणारा बाप म्हणजे सगळं संपलेला माणूस, असं आमच्यात समजतात. इतरांच्या बाबतीत मीही ते चारचौघांत बोललो होतो. मी तिच्याकडे माघी चतुर्थीपर्यंत मुदत मागितली. त्या दिवशी चिंतामणीच्या पायऱ्या मी माझा मी उतरीन आणि चढीन. नाही जमलं तर निमूट तुझ्या घरी येईन, असं कबूल केलं. ती नुसतं "बरं" म्हणाली.

आमच्या कळंबचा चिंतामणी जमिनीच्या पोटात बसला आहे. त्याच्याकडे जायचं तर उतरावं लागतं. ज्याच्यावर मी रुसलो होतो त्याच्याच पायऱ्यांची पैज का लावली, हे मलाही सांगता येत नाही. कदाचित भांडायचंच असेल. पुढच्या चतुर्थीला मी एकटाच गेलो. भिंतीला हात लावत, एकेक पायरी नजरेनं मोजत खाली पोचलो. गर्दी फार नव्हती. मूर्तीसमोर उभा राहिलो, हात जोडले आणि सवयीनं डोळे मिटले. दगडी फरशी वर येतेय असं वाटलं, तेवढ्यात कुणीतरी माझा दंड घट्ट धरला.

ती बंजाऱ्यांच्या तांड्यावरची बाई होती. चाळिशीची असेल. आरशांची काचोळी, दंडभर पांढऱ्या बांगड्या. तिनं मला सरळ उभं केलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं आपण चुकीच्या दारात शिरलेल्या माणसाकडे पाहतो.

"बापू, डोये कायले मिटले?" ती म्हणाली. "दर्शनाले आले ना तुमी? मंग पाहा ना त्याच्याकडं."

मी चिडलो. तांड्यावरची बाई मला दर्शन शिकवणार? पण पडण्याची भीती चिडण्याहून मोठी होती. मी डोळे उघडेच ठेवले आणि मूर्तीकडे पाहिलं. शेंदराकडे, डोळ्यांकडे पाहिलं. पाय खाली आहेत की नाहीत ते कळत नव्हतं, तरी मी उभा होतो. हललो नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी देवाकडे इतका वेळ पाहिलं असेल. ज्याला मी त्याचं ढकलणं समजत होतो, ती माझीच मिटलेली पापणी होती. मला रडू आलं, आणि रडतानाही मी डोळे मिटले नाहीत.

वर ओट्यावर तिनं मला बसवलं. तिच्या सासूचे पाय असेच मेले होते, असं तिनं सांगितलं. 'आमची याडी' म्हणाली; याडी म्हणजे आई. न्हाताना पडे, अंधारात पडे. मग तिला घरच्यांनी रोज कुडाला धरून उभं केलं. आधी दोन्ही पाय जुळवून, मग टाचा उचलून, मग एका पायावर. हातानं न रेटता खाटेवरून उठायचं आणि बसायचं. नजर समोर एका ठिकाणी बांधायची.

"अन् धुऱ्यावर चालता तसं चालाचं," ती म्हणाली. "एका पायाच्या अंगठ्याले दुसऱ्याची टाच लागली पाह्यजे."

दोन शेतांच्या मधल्या धुऱ्यावर मी जन्मभर चाललो होतो. दोन्हीकडचं पीक तुडवायचं नाही म्हणून पावलापुढे पाऊल टाकायचं, हे माझंच काम होतं. ते मला तिनं सांगावं लागलं. मी तिचं नाव विचारायच्या आत ती आपल्या बायकांत मिसळून निघूनही गेली.

दुसऱ्या दिवशी मी माजघरात भिंतीच्या कडेनं चुन्याची एक रेघ ओढली. रेघेच्या टोकाला, डोळ्यांच्या उंचीवर, गणपतीची तसबीर टांगली. भिंतीला बोटं टेकून, तसबिरीकडे बघत, टाचेपुढे टाच टाकत मी जायचो आणि तसाच परत यायचो. पहिले आठ दिवस चार पावलांत झोक जाई. टाचा उचलून उभा राहिलो की पोटऱ्या थरथरत. शेजारीण दारातून बघून म्हणाली, पटवारी घरात जमीन मोजून राह्यले काय? मी म्हटलं, हो, सरकारनं नाही मोजली तेवढी राहिली आहे. पौषात दोनदा पडलो. एकदा चार दिवस रेघेकडे फिरकलोच नाही. पुन्हा सुरू केलं ते तसबीर रिकाम्या रेघेकडे बघत बसलीय असं वाटलं म्हणून. पाय काही जिवंत झाले नाहीत. डॉक्टर म्हणाले, डोळे पायांचं काम शिकताहेत, चालू द्या. मला जप कधी जमला नाही. माझी पूजा ती हीच. न्हाणीत मात्र मी खाली बसूनच पाणी घेऊ लागलो.

त्या बाईला मी विसरलो नव्हतो. घाटंजीच्या बाजारात एकदा ती दिसली, हरभऱ्याची भाजी विकत बसली होती. मी हात जोडून उभा राहिलो. तिनं मला ओळखलं नाही. मी सगळं सांगितलं तेव्हा ती हसली. "मी कोनाकोनाले धरते, मले काय याद राह्यते, बापू," म्हणाली आणि भाजीची एक जुडी जास्तीची माझ्या पिशवीत टाकली. मला आधी वाईट वाटलं. मग घरी येईपर्यंत वाटलं, कृपा करणारा असाच विसरत असेल.

माघी चतुर्थीला लेक सकाळच्या एसटीनं आली. जत्रेची गर्दी होती. मी भिंतीकडेनं उतरू लागलो, ती दोन पायऱ्या मागे. तिनं एकदाही हात पुढे केला नाही, शब्द पाळला. मी खाली पोचलो. मूर्तीसमोर उभा राहिलो. शेजारची सगळी माणसं डोळे मिटून उभी होती आणि मी एकटा उघड्या डोळ्यांनी. म्हणूनच मला ती दिसली. लेकीचे डोळे मिटलेले होते, ओठ हलत होते. कानाजवळ केस पांढरे झालेले. माझी नजर खाली गेली. तिच्या टाचा भेगाळून काळ्या पडल्या होत्या, एका भेगेतून रक्त आलं होतं. पायात चप्पल देवळात नसणारच, पण टाचांची ही दशा आज सकाळची नव्हती.

मी विचारलं. तिनं पाय लुगड्याच्या काठाखाली ओढून घेतले. मग हळूच म्हणाली, "दसऱ्यापासून घातली नाही, बाबा. तुमी पायऱ्या उतरून वर येतपर्यंत घालत नाही, असं बोलली होती मी त्याले."

जवळजवळ चार महिने. यवतमाळच्या रस्त्यांवर, थंडीत, दिवाळीला माझ्याकडे आली तेव्हाही. माझ्या पायांना काहीच कळत नव्हतं आणि माझं सगळं तिच्या पायांना कळत होतं. मी माझा मी उतरलो, असं मी इतके दिवस समजत होतो.

मी तिचा हात धरला. गरज नव्हती, तरी धरला, आणि आम्ही एकेक पायरी वर चढलो. वर आल्यावर तिनं पिशवीतून चपला काढल्या. बोटं सुजली होती, अंगठा पट्ट्यात शिरेना. मी ओट्याला धरून खाली वाकलो आणि तिच्या पायात चप्पल घातली. बापानं लेकीच्या पायाला हात लावला म्हणून आजूबाजूचे बघत होते. बघू दे. ती रडत म्हणाली, आता राहा तुमी इथंच, मी काही बोलणार नाही.

"नाही," मी म्हटलं. "यवतमाळले कोनत्या एसटीनं जाचं ते सांग."